वाटी-चमच्याची बाजू घेऊन

घरभेटींच्या निमित्ताने सोलापुरात अलीकडे एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. पाळण्याशेजारी इंग्रजी मुळाक्षरे घोकणारी विजेरीची खेळणी मांडलेली असतात आणि आठ-नऊ महिन्यांचे बाळ मोबाइलकडे टक लावून बसलेले असते. ‘लवकर शिकेल, फादर!’ असे मला कौतुकाने सांगण्यात येते. हे शिक्षण नव्हे, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

गाणारे खेळणे सारे काही स्वतःच करते. बाळाच्या वाट्याला केवळ पाहणे उरते. याउलट साधी वाटी व चमचा घ्या. बाळ जोरात आपटते, हळू आपटते, आवाज बदलतो. ते वाटी खाली टाकते, आपण उचलून देतो, ते पुन्हा टाकते. आपण याला खोडी म्हणतो. वस्तुतः कार्यकारणभावाचा तो पहिला धडा असतो. पदराआडून ‘बुवाऽ कूक’ केले की नजरेआड झालेले माणूस नाहीसे होत नाही, हे त्याला हळूहळू उमगते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या मुलांच्या निरीक्षणातून हीच वाटचाल वर्णिली आहे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पाने यांतून शैक्षणिक साधने घडविली. ती मुले मोठी होती. तान्ह्याच्या हाती तोंडात मावेल अशी वस्तू देऊ नये. पण तत्त्व तेच: शिक्षण किमतीत नसते, मुलाच्या कृतीत असते.

‘विड्या वळायच्या की बाळाशी खेळायचे?’ असे एखादी माउली विचारील. तिचा प्रश्न खरा आहे. पण तिला दोष देण्यापूर्वी घरातील पुरुषांनी स्वतःस विचारावे: यंत्रमागावरून परतल्यावर अर्धा तास बाळ मांडीवर घेण्यास कोणी मनाई केली आहे? आजीने चादरीच्या तुकड्यांची बाहुली शिवावी, तंबाखूच्या सुपापासून दूर बाळाला चटईवर बसवावे.

दोन वर्षांखालील मुलांस पडद्यासमोर बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितले आहे. तेव्हा बाप्तिस्म्याच्या भेटीसाठी प्रतिष्ठेची खरेदी थांबवू या. बाळाला आपले पाकीट नको आहे. त्याने टाकलेली वाटी दहाव्यांदा हसत उचलून देणारा हात हवा आहे.