युरियाची गोणी फोडण्याआधी एक झाड खोदून बघा



सोयाबीन महिन्याचं झालं, पानं जरा पिवळी दिसली की आपला हात आधी युरियाकडे जातो. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं. एक झाड हाताने उपटलं, मुळाला चार-दोनच गाठी दिसल्या, म्हटलं नत्र कमी पडतंय. एकरी एक गोणी फेकली. पंधरा दिवसांत पीक हिरवंगार, कमरेला लागलं. पण शेंगा शेजारच्या बिनयुरियाच्या रानाएवढ्याच, वर वाऱ्याने पीक लोळलं ते वेगळंच.

चूक उपटण्यातच होती. हाताने ओढलं की गाठी तुटून मातीत राहतात. झाड कुदळीने ढेकळासकट काढायचं, बादलीत भिजवायचं, मग मुळं बघायची.

गाठ हा रोग नाही. सोयाबीनचं मूळ मातीत रस सोडतं. तो ओळखून रायझोबियमचा जिवाणू मुळाच्या केसापाशी येतो, केस वळून त्याला आत घेतो आणि तिथे गाठ धरते. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला ते तसंच घेता येत नाही. जिवाणू ते पचेल असं करून देतो आणि मजुरी म्हणून झाडाकडून साखर घेतो. ही मजुरी झाडाला महाग पडते. त्यामुळे युरियाचं आयतं नत्र मिळालं की झाड मजूर लावणंच कमी करतं. नव्या गाठी धरत नाहीत, जुन्या सुस्तावतात. म्हणजे आपणच पैसे मोजून घरचा कारखाना बंद पाडतो.

माझं मत सरळ आहे. पेरणीसोबतचं शिफारशीइतकं नत्र ठीक, कारण गाठी कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. पण उभ्या पिकात युरिया फेकण्याआधी गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, गोणी घरीच ठेवा. पांढरी किंवा हिरवट असेल तर कारण शोधा. पाणी साचलंय? चर काढा, वाफसा येताच कोळपा, मुळांना हवा मिळू द्या. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या? ती बहुतेक लोहाची कमतरता, तिथे युरिया काय करणार?

कोणी म्हणेल, गाठीच नसतील तर? मग खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर द्या थोडा, माझी ना नाही. पण पुढच्या साली बीजप्रक्रिया चुकवू नका. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. पावडर असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पाकीट सोयाबीनचंच घ्या, हरभऱ्याचं इथे चालत नाही.

उद्या वाफसा असेल तर पाच ठिकाणची पाच झाडं काढा. गाठी किती आणि आतून रंग कोणता, इथे लिहा. गोणीचं मग ठरवू.