तालीम फक्त पैलवानांची नव्हे

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या ठरल्या की बेळगावची माणसे तिकडे लोटतात. निपाणीकरांना तर कोल्हापूर जवळचे. १९१२ साली पुरे झालेले शाहू महाराजांचे खासबाग मैदान त्यांना घरच्यासारखे. पण कुस्ती बघणारे आपण सारे, आणि पहाटे उठून जोर-बैठका मारणारी मुले गल्लीत बोटांवर मोजण्याइतकी! मुलींनी हे करायचे नसते, असे तर आपणच ठरवून टाकले आहे.

यात शाळेचाही दोष आहे आणि आम्हा पालकांचाही. एस.एस.एल.सी.चे वर्ष आले की पी.टी.चा तास गणिताला जातो, आणि आम्ही त्याबद्दल शिक्षकांचे आभार मानतो.

जुने वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी झेपतील एवढ्याच बैठका सांगत. अंग सरावले की आकडा वाढे, पुढे खांद्यावर जोडीदार बसे, हातात मुद्गल येई. स्नायूला सवयीपेक्षा थोडे जास्त ओझे द्यायचे आणि ते हळूहळू वाढवायचे, हेच आजचे व्यायामशास्त्रही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत, मोठ्यांनी किमान २ दिवस. नुसते चालणे चांगलेच, पण त्याने हे काम भागत नाही. जेवणातली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच वापरतात. घरोघरी मधुमेह असताना हे विसरून कसे चालेल? हाडांची पुंजीही बहुतेक वाढीच्या वयातच साठते. म्हणून मुलींना यातून वगळणे आम्हाला सर्वांत महागात पडेल असे वाटते.

वजन उचलल्याने उंची खुंटते, अशी भीती अनेक आया बोलून दाखवतात. जाणत्याच्या देखरेखीखाली, आवाक्यातले वजन उचलल्याने तसे होते याला पुरावा नाही. चुकीच्या पद्धतीने, पैज लावून उचलले तर इजा होते, ती कोणालाही होईल.

आणि आजी? निपाणी भागात कितीतरी बायकांचे आयुष्य मांडी घालून बिड्या वळण्यात गेले. त्यांना आता जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागतो. १९९० साली अमेरिकेत बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या १० वृद्धांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला, तेव्हा पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. आजीने मुद्गल फिरवावा असे आम्ही म्हणत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, इथून सुरुवात होते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी लहान आहे. दहावीसह सर्व वर्गांचा पी.टी.चा तास परत द्यावा आणि त्यातले ३ दिवस जोर, बैठका, मुद्गल व दोरीवर चढणे यांना राखावेत, मुलामुलींना सारखेच. मोडक्या बाकांनी भरलेली मागची खोली रिकामी झाली तर जागाही मिळेल. बाके हलवायला येत्या रविवारी सकाळी आम्ही काही पालक येतो. चावी तेवढी काढून ठेवावी.