सकाळची हवा

शालेय निबंधांतून कांहीं विधानें अशीं असतात कीं, तीं तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. ‘सकाळची हवा शुद्ध असते’ हें त्यांपैकींच एक होय. विद्यार्थ्यांच्या वह्यांतून तें दरसाल तीस-चाळीस वेळां तरी वाचावयास मिळतें आणि शिक्षक त्याखालीं बरोबरची खूण करून पुढें जातात. मोकळ्या माळावरील एखाद्या गांवीं तें खरें असेल. परंतु मुंबईसारख्या महानगरांत, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, सकाळची हवा ही सबंध दिवसांतील अत्यंत मलिन हवेंत गणावी लागते. आणि नेमक्या त्याच वेळीं आपण आपल्या मुलांस कवायतीसाठीं मैदानावर धांववितों. या विसंगतीकडे पालकांचें लक्ष वेधावें, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

प्रथम ही मलिनता कसली तें पाहूं. झरोक्यांतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेंत जे कण नाचतांना दिसतात, त्यांस आपल्या जुन्या ग्रंथकारांनीं त्रसरेणु हें नांव दिलें आहे. आपण ज्यांविषयीं बोलत आहों ते कण त्यांहूनहि पुष्कळ बारीक. त्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे डोक्यावरील केसाच्या जाडीचा सुमारें पंचविसावा हिस्सा. यावरूनच शास्त्रज्ञ त्यांस ‘पीएम २.५’ म्हणतात. रस्त्यावरची जाड धूळ नाकांत किंवा घशांत अडते व शिंकेबरोबर बाहेर पडते. हे कण तसे अडत नाहींत. ते फुप्फुसांच्या अगदीं शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोंचतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म ते रक्तांतहि उतरतात. डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा, यांपैकीं कांहींहि जळलें कीं ते उत्पन्न होतात. शिवाय मोटारींतून व कारखान्यांतून निघणारे गंधकाचे व नायट्रोजनचे वायु हवेंत गेल्यावर त्यांपासूनहि नवे कण बनतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१३ सालीं या कणांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गांत बसविलें आहे.

आतां सकाळच कां वाईट? याचें उत्तर विद्यार्थ्यांच्या भूगोलाच्या पुस्तकांतच आहे. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते व आपल्याबरोबर धूरहि उंच नेते. दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे येतात व उरलासुरला धूर पांगवितात. हिंवाळ्याच्या रात्रीं याच्या उलट घडतें. जमीन लौकर निवते, तिच्यालगतची थंड व जड हवा खालींच बसून राहते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर एखाद्या झांकणासारखा पसरतो. जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे अशा रात्रीं मंद असतात. झांकण उडविण्याचें सामर्थ्य त्यांत नसतें. मग रात्रभर शहरांत जें जें जळतें, मालमोटारींचें डिझेल, पहारेकऱ्यांच्या शेकोट्या, कचऱ्याचे ढीग, बेकऱ्यांच्या लाकडाच्या भट्ट्या, त्या सर्वांचा धूर त्या झांकणाखालीं सांचत राहतो. (आपल्या न्याहारीच्या पावाचाहि त्यांत वांटा आहेच. अशा भट्ट्या सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर न्याव्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें दिला, हें योग्यच झालें.) पहांटेपासून मोटारींची त्यांत नवी भर पडते. ऊन चांगलें वर आल्यावर झांकण हळूहळू उठूं लागतें. तोंवर मुलांची कवायत आटोपलेली असते.

या काळ्या-करड्या पडद्यास आपण धुकें म्हणतों व त्याच्याकडे कौतुकानें पाहतों. लंडनच्या लोकांनींहि तें धुकेंच मानलें होतें. १९५२ सालच्या डिसेंबरांत, ५ पासून ९ तारखेपर्यंत, त्या शहरावर असेंच झांकण बसलें आणि घरोघरच्या कोळशाचा धूर त्याखालीं कोंडला. मागाहून मृत्यूंची मोजदाद झाली तेव्हां सुमारें ४,००० माणसें नेहमींच्या प्रमाणापेक्षां अधिक दगावल्याचें आढळलें. पुढील संशोधकांनीं तर तो आंकडा १२,००० पर्यंत नेला आहे. त्यानंतर १९५६ सालीं तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला. आधीं प्रेतें मोजावीं आणि मग कायदा करावा, हा क्रम आपणहि गिरवावा असें नाहीं.

दिल्लीची बातमी वाचून मुंबईकर हळहळतो व खिडकी उघडून समुद्राचे आभार मानतो. दिल्लीस समुद्र नाहीं. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पंजाब-हरियाणांतील शेतांत जळणाऱ्या भाताच्या खुंटांचा धूर तिच्यावर येतो, हें खरें. परंतु आपला समुद्रवारा घड्याळ पाहून येतो, आणि सकाळीं सात ही त्याची वेळ नव्हे. २०२२-२३ च्या हिंवाळ्यांत तो मंदावला, तेव्हां कांहीं दिवशीं मुंबईचा आंकडा दिल्लीच्याहि वर गेला होता.

येथें ‘सरासरी’ या शब्दाविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणें एका घनमीटर हवेंत या कणांची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ती मर्यादा ५ वर आणली. दोहोंत केवढें अंतर आहे! पण त्याहून मोठी अडचण अशी कीं, सरासरी हा फार मनमिळाऊ शब्द आहे. जुलै-ऑगस्टांतील पावसानें धुतलेली हवा ती जानेवारीच्या हवेंत मिसळते. मलबार टेकडीची हवा गोवंडीच्या हवेंत मिसळते. आणि जी संख्या निघते ती कोणाच्याच फुप्फुसांची नसते. जानेवारी २०१६ मध्यें देवनारच्या कचराभूमीस आग लागली, तेव्हां तिच्या आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. वर्षाच्या सरासरींत त्या दिवसांची खूण शोधूनहि सांपडणार नाहीं. मूल सरासरी हवा घेत नाहीं. तें अमुक रस्त्यावर, अमुक महिन्यांत, अमुक वाजतां श्वास घेतें. आणि धांवतांना तो बसल्या वेळेच्या कित्येक पट घेतें.

मुलांच्या बाबतींत हा हिशेब अधिक कडक आहे, कारण त्यांचीं फुप्फुसें अद्यापि वाढत असतात. अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्नियांत बारा वस्त्यांतील मुलांचा श्वास १० व्या वर्षापासून १८ व्या वर्षापर्यंत नियमानें मोजण्यांत आला. त्याचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. अत्यंत मलिन हवेच्या वस्तींत, फुप्फुसांची शक्ति अपेक्षेच्या ८० टक्क्यांखालीं राहिलेल्या मुलांचें प्रमाण स्वच्छ वस्तीच्या जवळजवळ पांचपट होतें. तथापि याच अभ्यासाचा २०१५ सालचा भागहि सांगितला पाहिजे. मध्यंतरीं तेथील हवा पुष्कळ सुधारली होती, आणि नंतरच्या मुलांचीं फुप्फुसें अधिक चांगलीं वाढलेलीं आढळलीं. म्हणजे हा कांहीं विधिलिखित भोग नव्हे.

माझी सूचना अशी कीं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत कवायत व धांवण्याचे खेळ प्रार्थनेनंतरच्या पहिल्या तासावरून काढून दुपारीं चारनंतर ठेवावे, आणि त्यांच्या जागीं गायन किंवा चित्रकला घ्यावी. यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, शिस्त बिघडेल. लौकर उठण्याच्या शिस्तीशीं माझें भांडण नाहीं. लौकर उठून गणितें सोडवावीं, फुप्फुसांवर त्याचा कांहीं वाईट परिणाम होत असल्याचें ऐकिवांत नाहीं. रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणतील, दुपारीं ओझोन वायु वाढतो. हा आक्षेप अगदींच पोकळ नव्हे. म्हणूनच मी भर दुपारचा नव्हे, तर ऊन कलल्यानंतरचा तास सुचवितों. आणि शहराची मोठी मॅरेथॉन शर्यत जानेवारींत पहांटेसच सुटते, असें ज्यांस दाखवावयाचें असेल, त्यांना एवढेंच म्हणतों कीं, तेथें धांवणारे प्रौढ स्वखुषीनें येतात. आमच्या मुलांची हजेरी घेतली जाते.

शाळेच्या अंगणांतील पालापाचोळा पेटविण्याची जुनी चाल मात्र आजच बंद झाली पाहिजे. त्याचें खत होतें. आणि ज्या पालकांच्या मोटारी शाळेच्या दाराशीं, आंत गारवा राहावा म्हणून, वीस-वीस मिनिटें यंत्र चालू ठेवून उभ्या असतात, त्यांनीं कृपा करून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या धुराच्या उंचीवर शिशुवर्गांतील मुलांचीं नाकें येतात. त्यांत त्यांचें स्वतःचेंहि मूल असतें.

वेळ बदलणें हा आडोसा आहे, उपाय नव्हे, हें मी जाणतों. ज्यांस वेळ निवडतां येत नाहीं त्यांचें काय? पहांटे रस्ता झाडणारी बाई, चौकांतील पोलीस, वर्तमानपत्रें टाकून मग शाळेंत येणारा मुलगा, यांना चारनंतरचा तास कोण देणार? आमच्या वर्गांतहि अशीं मुलें आहेत, हें पालकांस ठाऊक नसावें. शेजारधर्म म्हणजे सणाच्या दिवशीं फराळाचें ताट धाडणें एवढाच नव्हे. आपण जाळतों तें शेजाऱ्याच्या श्वासांत जातें, इतकें कळलें तरी महापालिकेकडे जाऊन बोलण्याचें बळ येईल.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें २०१५ सालीं मुंबईसाठीं हवा मोजण्याची व्यवस्था उभारली. सरकारी मापन-केंद्रांचे आंकडे आतां कोणालाहि मोबाइलवर फुकट पाहतां येतात. पुढील नोव्हेंबरपासून नववीच्या मुलांनीं जवळच्या केंद्राचे सकाळीं सातचा व दुपारीं चारचा असे दोन आंकडे रोज सूचनाफलकावर खडूनें लिहावे, अशी विनंती मुख्याध्यापकांस केली आहे. डिसेंबरच्या पालक-सभेंत कवायतीच्या वेळेचा प्रश्न निघेल, तेव्हां तीस दिवसांचे ते साठ आंकडे समोर असावे.