मामांचे अकरा पाइप आणि एक वही



मागच्या अंकात तांब्यापितळेच्या भांड्यांवर लिहिलं, तेव्हा अश्दोदच्या एका आजींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, भांडी आम्ही जपली हो, पण कुठलं भांडं कुणाचं हे आता सांगणार कोण?" आजींचं बोलणं मला लागलं, कारण माझ्या कपाटातही तेच दुखणं आहे. माझी भांडी नाहीत, पाइप आहेत. पाण्याचे नव्हेत बालमित्रांनो, तंबाखू ओढायचे!

हे पाइप माझ्या मामांचे. मामा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. हात सोन्याचा. कुणाचा स्टोव्ह, कुणाचं घड्याळ, कुणाची शिवणयंत्रं दुरुस्त करून द्यायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. मग लोक काहीतरी हातात ठेवत. त्यांना पाइपची हौस आहे हे कळल्यावर लोक पाइपच देऊ लागले. १९६४ साली मामा इस्राएलला आले तेव्हा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, मामींच्या जुन्या पातळाच्या चिंध्यांत गुंडाळलेले अकरा पाइप बरोबर होते. १९९१ साली मामा गेले आणि डबा माझ्याकडे आला. (मी ओढत नाही. मुलांनो, तुम्हीही त्या वाटेला जाऊ नका. मामांचा शेवटच्या वर्षांतला खोकला आमच्या अख्ख्या इमारतीला ऐकू जायचा.)

मामांना प्रत्येक पाइपची गोष्ट तोंडपाठ होती. शब्बाथ संपला की डबा उघडायचे आणि सांगत बसायचे. आम्ही हं हं करायचो. कागदावर एक अक्षर कुणी लिहिलं नाही. मामा आहेत ना, विचारू केव्हाही!

आता जर्मनी यात कुठून आली ते सांगतो. माझा मुलगा नोकरीनिमित्त काही वर्षं न्यूरेम्बर्गला होता. तिकडे जावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. ज्या गावाच्या नावाने १९३५ साली ते काळे कायदे झाले तिथे सुट्टीला कसं जायचं? शेवटी नातीसाठी गेलो आणि जाताना डबा बरोबर नेला. कारण न्यूरेम्बर्ग हे पाइपचंही गाव आहे. १८४८ साली कार्ल एलेनबर्गर आणि कार्ल ऑगस्ट त्सीनर यांनी तिथे पाइपचा कारखाना काढला. जर्मनीतला तो सर्वांत जुना, आणि पुढे त्याचं नाव 'फाऊएन' झालं. जर्मन मुळाक्षरांत 'व्ही'ला फाऊ म्हणतात आणि 'एन'ला एन. त्या दोन अक्षरांचं हे नाव.

गावातल्या एका जुन्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने टेबलावर मऊ कापड पसरलं आणि सगळे पाइप ओळीने मांडले. मुलगा दुभाष्या. म्हाताऱ्याचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. त्याने विचारलं, "यांची वही कुठे आहे?"

मी म्हटलं, वही नाही. त्याने मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.

सगळ्यात आधी मी मोठ्या ऐटीत पुढे केला तो आमच्या घरचा मानाचा पाइप. काळसर लाकडाचा, नळीवर पांढरा ठिपका. मामा सांगायचे, १९४७ साली वर्कशॉपचा इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना त्याने हा दिला. अस्सल डनहिल! डनहिल म्हणजे लंडनची बडी कंपनी, आणि पांढरा ठिपका ही तिची खूण, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. म्हाताऱ्याने भिंग लावलं, पाइप खिडकीकडे धरला आणि हसला. ठिपका काय, तो फाऊएनच्या पाइपवरही असतो! लाकडावर पुसटसा छापही निघाला आणि मुलाने तो वाचून दाखवला, फाऊएन. म्हणजे आमचा विलायती साहेब याच गावात जन्मलेला. म्हाताऱ्याने हेही सांगितलं की डनहिलच्या पाइपवर 'मेड इन इंग्लंड' या अक्षरांपुढे बारीक आकडा असतो आणि त्यावरून पाइप कुठल्या वर्षाचा ते कळतं. आमच्यावर तसलं काही नव्हतं.

मामा खोटं बोलले का? मला तसं वाटत नाही. साहेबाने दिला हे खरंच असेल. साहेबालाच ठाऊक नसेल, किंवा मामांच्या मनात दोन पाइपच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या असतील. चाळीस वर्षं तोंडी फिरलेली गोष्ट थोडीफार झिजतेच.

बाकीच्यांपैकी पुष्कळांनी आपली ओळख आपणच दिली. एकाच्या गळ्यात चांदीचं कडं होतं, त्यावर सिंह, नांगर आणि एक अक्षर. सिंह म्हणजे चांदी खरी, नांगर म्हणजे तपासणी बर्मिंगहॅमला झाली, आणि अक्षरावरून साल निघतं. दोन पाइप मीरशाऊमचे. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस, पण तो असतो तुर्कस्तानात एस्कीशेहिरजवळ जमिनीखाली मिळणारा मऊ, हलका दगड. व्हिएन्नाला आणि जर्मनीत रूला या गावी त्यावर नक्षी कोरत. तो नवा असताना पांढरा असतो आणि ओढून ओढून मधाच्या रंगाचा होतो. मामांचा एक अजून पांढराच आहे, म्हणजे तो त्यांनी ओढलाच नाही. का, ते आता कळायचं नाही.

दुकानात एक चित्र टांगलेलं होतं. लांब टेबल, भोवती पुरुषमंडळी, प्रत्येकाच्या तोंडात हातभर लांब मातीचा पाइप. म्हातारा माझ्या नातीला म्हणाला, हा प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम पहिला. १७१३ ते १७४० राज्य केलं. संध्याकाळी मित्रांना आणि सेनापतींना जमवून पाइप ओढत बसायचा. एखाद्याला तंबाखू सोसत नसेल तरी सुटका नाही, त्याने रिकामा पाइप तोंडात धरून ओढल्याचं सोंग करायचं! नात इतकी हसली की घरी आल्यावर दोन दिवस पेन्सिल तोंडात धरून राजासमोर बसत होती.

शेवटी राहिला चिनीमातीचा पाइप. हाच आजचा खरा विषय.

उभट वाटी, तिच्यावर रंगीत चित्र, सैनिक आणि त्याच्या घरची माणसं. तो पाहून म्हातारा गप्प झाला. मग सांगू लागला. पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनीत तरुणांना सक्तीने सैन्यात जावं लागे. सेवा संपवून घरी जाताना ते आठवण म्हणून असे पाइप बनवून घेत. त्यावर स्वतःचं नाव, पलटण, सेवेची वर्षं, कधीकधी सोबत्यांचीसुद्धा नावं रंगवलेली. म्हणजे बघा, हा पाइप आपली वही स्वतःच्याच अंगावर घेऊन जन्माला येतो.

आमच्या पाइपवर '१९०३–०५' स्पष्ट आहे. पलटणीचा आकडा गेला. नावाच्या जागी शेवटचं 'मान' तेवढं उरलंय. अर्ध्या जर्मनीची आडनावं 'मान'वर संपतात! नाव कुठे गेलं ते मला ठाऊक आहे. आमच्या मामी स्वच्छतेच्या फार कडक. सणापूर्वी घरातली सगळी चिनीमाती राखेने घासून काढायच्या. त्यात हाही घासला गेला, वर्षानुवर्षं. मामी आता नाहीत, त्यांना बोल कसा लावू? त्यांच्या लेखी ते भांडं होतं.

हा पाइप मामांकडे आला मुंबईतल्या एका जर्मन डॉक्टरकडून. तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल, हिटलरच्या काळात जर्मनी-ऑस्ट्रियातले काही ज्यू मुंबईला येऊन पोचले होते, त्यांत डॉक्टर बरेच. १९३८ च्या सप्टेंबरअखेर जर्मनीने ज्यू डॉक्टरांचे परवानेच रद्द केले. मुंबईत त्यांच्या मदतीला १९३४ पासून ज्यूइश रिलीफ असोसिएशन होती. पण १९३९ साली युद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने त्यांतल्या कित्येकांना "शत्रूचे नागरिक" म्हणून नगरच्या छावणीत टाकलं. पुढे चौकशी होऊन बहुतेक सुटले. आमचे डॉक्टर १९४३ च्या सुमारास भायखळ्याला दवाखाना चालवत. मामांचा टायफॉइड त्यांनी बरा केला, मामांनी त्यांचा सुया उकळायचा स्टोव्ह दुरुस्त केला.

आणि इथे पंचाईत आहे. मामी म्हणायच्या, डॉक्टरांनी पाइप भेट दिला. पण मामा एकदा, फक्त एकदाच, मला म्हणाले होते, "अरे, तो ठेवायला दिलेला आहे. ते न्यायला येणार होते." डॉक्टर पुढे कुठे गेले, त्यांचं नाव काय, मामा तेव्हा सांगत असतील. मी हं हं करत असणार.

म्हातारा म्हणाला, पायदळाची सेवा १८९३ पासून दोन वर्षांची होती, आणि तुमचा हा दोन वर्षांचा दिसतो. शिकलेली, डॉक्टरकी वगैरे करणारी मुलं स्वखर्चाने एकच वर्ष सैन्यात जात. शिवाय मामांच्या सांगण्याप्रमाणे डॉक्टर तेव्हा चाळिशीचे होते. १९०३ साली ते तान्हं बाळ असणार! मग हा पाइप बहुधा त्यांच्या बापाचा. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीसाठी लढले आणि बारा हजार मेले, हे मी वाचलं होतं. ज्याच्या बापाने त्या सैन्याची आठवण जपली, त्या मुलाला देश सोडताना हीच एक वस्तू उचलावीशी वाटली असेल का? हा सगळा तर्क आहे, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

देश सोडणाऱ्यांना तेव्हा सामानाची यादी द्यावी लागे, रुमालापर्यंत. १९३३ पूर्वी घेतलेलं काय, नंतरचं काय, सगळं वेगवेगळं. त्याआधी २६ एप्रिल १९३८ च्या हुकमाने पाच हजार मार्कांवर मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूला ती नोंदवायला लावलं होतं. लुटणाऱ्याला यादी लागते, म्हणून यादी करवून घेतली. पण त्याच याद्या आज दप्तरखान्यांत आहेत आणि कुठली वस्तू कुणाची हे शोधायला उपयोगी पडतात.

म्यूनिचचं उदाहरण सांगतो. २१ फेब्रुवारी १९३९ ला हुकूम निघाला की ज्यूंनी सोनं-चांदी दोन आठवड्यांत सरकारी गहाणखात्यात आणून द्यावी. लग्नाची अंगठी आणि थोडे काटेचमचे तेवढे ठेवायचे. त्यातल्या शंभरावर चांदीच्या वस्तू बव्हेरियन नॅशनल म्यूझियममध्ये पडून होत्या. अलीकडे तिथले अधिकारी मथियास वेनिगर यांनी एकेकीचे मालक शोधायला घेतले. ते शोधता आले, कारण वस्तूंवर गहाणखात्याच्या नंबराच्या बारीक चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या होत्या आणि ते नंबर जुन्या याद्यांशी जुळले. २०२३ साली ते स्वतः इस्राएलला येऊन काही कुटुंबांना त्यांच्या वस्तू देऊन गेले. एवढासा कागदाचा तुकडा, पण ऐंशी वर्षांनी घराचा पत्ता सांगितला. मामींनी कुणी चांदी घासली नाही हे नशीब!

परत आल्यावर मी आणि नातीने वही घातली. म्हाताऱ्याने सांगितलं होतं की लाकडावर गोंदाने काही चिकटवू नका, दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा, आणि शाईपेक्षा पेन्सिल बरी, शाई ओलीने पसरते. प्रत्येक पाइपला एक नंबर, तोच वहीत. लांबी फूटपट्टीने, फोटोतही फूटपट्टी ठेवून. लाकडावरचा छाप जसा दिसतो तसाच उतरवायचा, अर्धा असेल तर अर्धा. कुठे चीर आहे, नळी कधी बदलली, तेही. आणि घासणं बंद!

पण वहीतली माझ्या आवडीची गोष्ट म्हणजे तीन रकाने: 'पाहिलं', 'ऐकलं' आणि 'वाटतं'. हे डोकं नातीचं. तिने पांढऱ्या ठिपक्याच्या पाइपपुढे 'पाहिलं'मध्ये फाऊएन लिहिलं, 'ऐकलं'मध्ये साहेब आणि डनहिल. मी म्हटलं, चुकीचं कशाला लिहायचं? ती म्हणाली, "आजोबा, मामाआजोबा तसं म्हणायचे हे तरी खरं आहे ना?" मी गप्प बसलो.

अकरापैकी सात पाइपची पानं बऱ्यापैकी भरली. तीन जवळजवळ कोरी आहेत. वहीच्या दोन प्रती केल्या, एक इथे लोदला, एक मुलीकडे बीरशेबाला.

चिनीमातीच्या पाइपचा नंबर अकरा. त्याच्या 'ऐकलं'च्या रकान्यात मामांचं आणि मामींचं, दोघांचंही म्हणणं लिहून ठेवलंय. म्हणून आमच्या ज्येष्ठ वाचकांना विनंती. १९४३-४४ च्या आसपास भायखळ्याला दवाखाना असलेला, नावाच्या शेवटी 'मान' असलेला जर्मन डॉक्टर कुणाला आठवतो का? चष्मा होता, हिंदुस्थानी मोडकी बोलायचे आणि मुलांना इंजेक्शननंतर पेपरमिंट द्यायचे, एवढं मामांकडून ऐकलेलं मला आठवतं. काही माहीत असेल तर संपादकांकडे कळवा. पाइप त्यांच्या मुलानातवंडांचा असेल तर मला तो त्यांच्या हातात द्यायचा आहे.