संगीताची पदवी आणि घरचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की रत्नागिरीसारख्या गावात महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या घरी सल्ला विचारणाऱ्यांची ये-जा सुरू होते. बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात आणि उत्तरेही त्यांनी मनाशी आधीच ठरवलेली असतात. परवा मात्र एका सरकारी कचेरीत कारकून असलेले गृहस्थ निराळा प्रश्न घेऊन आले. मुलीला बारावीत चांगले गुण आहेत, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’ ती उत्तीर्ण झाली आहे आणि पुण्यास जाऊन विद्यापीठात संगीत हाच विषय घेऊन पदवीधर होण्याचा तिचा हट्ट आहे. ‘‘सर, गाण्यातले आम्हांला कळत नाही. तुम्ही अर्थशास्त्राचे, हिशेब तेवढा सांगा. आधी बी. कॉम. होऊ दे, मग गाणे आहेच की!’’ असे ते म्हणाले.

हे वाक्य कोकणातल्या मध्यमवर्गीय घरांत नित्य ऐकू येते आणि त्यामागे मुलांच्या हिताचीच चिंता असते, हे मान्य केले पाहिजे. संगीताविषयी येथे अनास्था आहे असेही नाही. वाडीवाडीवर भजनाचा पखवाज घुमतो, शिमग्यात नमन-खेळे होतात, गणपतीत जाखडीचे फड रंगतात आणि थिबा राजवाड्याच्या प्रांगणातील संगीत महोत्सवाला श्रोते गर्दी करतात. पण ज्या गावात कोकण विभागीय परीक्षा मंडळाचे मुख्यालय आहे आणि ज्या विभागाचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात पहिला असतो, तेथे गुणांची भाषा लवकर समजते. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय संगीताच्या परीक्षांबद्दल सवलतीचे गुण मिळतात, म्हणून मुले क्लासला जातात. दहावी झाली की पेटी कपाटावर चढते. शासनाने उत्तेजन दिले ते गुणांना, गाण्याला नव्हे, असे म्हणणे भाग आहे.

आता त्या गृहस्थांचा हिशेब. पुण्यातील खोलीचे भाडे, मेसचे पैसे, जाण्यायेण्याचा खर्च हे सारे त्यांनी कागदावर मांडून आणले होते. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त सर्वांत मोठी रक्कम लिहायची राहिली होती. आम्ही वर्गात जिला संधित्याग म्हणून शिकवतो, ती ही रक्कम. एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते तिचे मोल म्हणजे पहिलीची खरी किंमत. अठरा ते एकवीस ही तीन वर्षे बी. कॉम.ला दिली, तर त्या वयातील रियाज गेला. हिशेबशास्त्र पंचविसाव्या वर्षीही शिकता येते. गळा आणि कान घडविण्याचे काम मात्र त्या वयात नोकरीचे आठ तास सांभाळून करावे लागते, आणि ते करणारे फार थोडे. पदवीनंतर स्पर्धा परीक्षा येते, तिच्यानंतर नोकरी, बदली, संसार. ‘मग गाणे आहेच’ यातले ‘मग’ सहसा उगवत नाही. प्रस्तुत लेखकाच्या माळ्यावर तबल्याची एक जोडी अशाच एका ‘मग’ची वाट पाहत वीस वर्षे पडून आहे; तिच्या पुडीवरची शाई केव्हाच सुटली.

अर्थात, विद्यापीठात नाव घातले की मुलगी गायिका होऊन परत येईल, असे कोणी समजू नये. सहा सत्रांत विभागलेला अभ्यासक्रम हा मुळातच या विद्येला तोकडा अंगरखा आहे. यमनासारखा राग एका सत्रात ‘संपतो’, प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला गुण पडतात आणि पुढच्या सत्रात दुसरे राग येतात. जाणते गवई तो राग जन्मभर गातात, तरी तो संपला असे त्यांना वाटत नाही. ही टीका नवी नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वकिलीचे शिक्षण घेतलेल्या भातखंड्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेव्हापासून ‘शाळेत गवई घडतो काय?’ हा प्रश्न विचारला जात आहे. गवई घडो न घडो, घराण्यांच्या उंबरठ्याआड असलेली विद्या सामान्य घरातल्या मुलामुलींना मिळाली, ही या दोघा मराठी माणसांची कमाई होय. त्या कारकुनाच्या मुलीच्या हातात तंबोरा आला, तो याच वाटेने.

विद्यापीठ जे देऊ शकते ते निराळे. मंडळाच्या परीक्षा, मग ती विशारद असो की अलंकार, विद्यार्थी आपल्या गावच्या क्लासमध्ये, शाळा-नोकरी सांभाळून देतो. पदवीच्या वर्गात संगीत हे दिवसभराचे काम होते. साथीला तबला शिकणारा सहाध्यायी मिळतो, निरनिराळ्या घराण्यांचे गाणे कानावर पडते आणि आपण जे गातो त्याचा इतिहास व शास्त्र यांचा विचार करण्याची सवय लागते. पुणे विद्यापीठाने १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू केले तेव्हा त्याच्या नावाला ‘गुरुकुल’ हा शब्द जोडला. पदवीचा वर्ग आणि गुरूपुढची बैठक यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न होता. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रात डॉ. अशोक रानडे यांनी संगीताच्या चिकित्सेला जे वळण दिले, ते तर क्लासच्या चार भिंतींत संभवतच नव्हते.

परंतु अशी शिक्षणपद्धती महाग पडते, आणि येथे अर्थशास्त्राला बोलणे भाग आहे. बाउमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. कारखान्यात यंत्रामुळे एक कामगार पूर्वीच्या दसपट माल काढतो. विलंबित ख्याल मांडायला मात्र आजही शंभर वर्षांपूर्वीइतकाच वेळ आणि तितकीच माणसे लागतात. वेतने सर्वत्र वाढतात, म्हणून कलेचा खर्च इतरांच्या मानाने वाढत राहतो, हा त्यांच्या विवेचनाचा सारांश. संगीताच्या शिक्षणालाही तोच नियम लागू आहे. एका गुरूपुढे साठ विद्यार्थी बसवून गळा तयार होत नाही. तेव्हा विद्यार्थिसंख्येच्या कसोटीवर संगीत विभागाला तोट्याचा ठरवणे म्हणजे रुग्णालयाला खाटा रिकाम्या का नाहीत म्हणून विचारण्यासारखे आहे. हा खर्च सार्वजनिक निधीतूनच झाला पाहिजे. तो शुल्कावर लादला तर कारकुनाची मुलगी त्या वर्गात दिसणार नाही.

दुसरा प्रश्न पदवीनंतरचा. मैफलीवर पोट भरणारे थोडेच. बाकीच्यांनी शिकवावे, साथ करावी, आकाशवाणीची श्रवणचाचणी द्यावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. कला या शब्दात संगीतही बसते, पण शाळांत त्याचा अर्थ बहुधा चित्रकला असाच घेतला जातो. शिवाय अंशकालीन वेतनावर घर चालत नाही. एका बाजूने विद्यापीठांनी संगीताचे पदवीधर निर्माण करायचे आणि दुसऱ्या बाजूने शाळांनी त्यांना दारात उभे करायचे नाही, हा व्यवहार पालकांच्या लक्षात येतो. म्हणून ते बी. कॉम. म्हणतात. शाळांतून संगीतशिक्षकाची पूर्णवेळ पदे निर्माण झाली, तर प्राध्यापकाच्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

यातले बरेचसे मी त्या गृहस्थांना सांगितले. मुलीला मिळकतीची हमी मी देऊ शकत नाही, हेही सांगितले, बी. कॉम.नंतरची हमी देण्याचेही मी हल्ली बंद केले आहे. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि प्रवेशपरीक्षेत काय गाऊन घेतात, असे विचारले. मला ते ठाऊक नव्हते. पुण्याला जाऊन एक दिवस विभागात काढा, तिथल्या मुलांशी बोला, असे मी सुचवले. येत्या सोमवारच्या गाडीची दोन तिकिटे त्यांनी काढली आहेत.