संगणकाने केव्हा थांबायचे, हे घराने ठरवावे

घरात एकच संगणक आणि त्यावर चौघांची कामे, हे चित्र आता आपल्या अनेक घरांत दिसते. दिवसा मुलीचा अभ्यास, संध्याकाळी भाईजानच्या दुकानाचे हिशेब, रात्री कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज. अर्ज अर्धा भरून मूल जेवायला उठते आणि परत येऊन पाहते, तर संगणक स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झालेला असतो. भरलेले रकाने कोरे. उद्या शेवटची तारीख असेल, तर सगळ्या घराचा जीव टांगणीला लागतो. मग कुणीतरी सल्ला देते, 'ते अपडेट कायमचेच बंद करून टाका.' या सल्ल्याविषयी आम्हाला या महिन्यात बोलायचे आहे. त्यामागचा त्रास खरा आहे. उपाय मात्र धोक्याचा आहे.

आधी कारण समजून घेऊ. संगणक चालू असताना विंडोजच्या अनेक फायली सतत वापरात असतात. वापरात असलेली फाईल बदलता येत नाही. म्हणून नवी फाईल आणून ठेवली जाते आणि संगणक पुन्हा सुरू होताना जुनीच्या जागी बसवली जाते. चालत्या गाडीचे चाक बदलता येत नाही, तसेच हे.

आता अपडेट कायमचे बंद केले तर काय होते? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकातील फायली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांची कामे त्यामुळे ठप्प झाली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी आले होते. ज्या संगणकांवर ते बसवलेले नव्हते, तेच सापडले. तेव्हा अपडेट येऊ द्यावे. फक्त संगणक केव्हा थांबावा, ते आपण ठरवावे.

विंडोज ११ मध्ये त्यासाठी 'सेटिंग्ज' उघडा, 'विंडोज अपडेट'वर जा आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा. तिथे चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली 'ॲक्टिव्ह अवर्स', म्हणजे आपल्या कामाचे तास. या वेळेत संगणक अपडेटसाठी आपणहून बंद होत नाही. हे तास जास्तीत जास्त १८ ठेवता येतात. सकाळी ६ ते रात्री १२ अशी वेळ दिली, तर फक्त मधले सहा तास मोकळे राहतात. घरात कुणी रात्री जागून अभ्यास करत असेल, तर संध्याकाळी ५ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११ असेही ठेवता येते. रमजानमध्ये घराचे जागण्या-झोपण्याचे तास बदलतात, तेव्हा हेही तास बदलून घ्यावेत. तारावीहनंतर किंवा सहरीच्या वेळी काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

दुसरी 'गेट मी अप टू डेट'. हे बटण चालू असले, तर संगणक कामाच्या तासांतही लवकरात लवकर बंद होऊन सुरू होतो. ते बंद ठेवा.

तिसरी, पुन्हा सुरू करण्याची गरज पडल्यास आधी कळवण्याची सोय. तिचे बटण 'नोटिफाय मी'ने सुरू होते. ते चालू ठेवा.

चौथी 'पॉज अपडेट्स'. ही 'विंडोज अपडेट'च्या पहिल्याच पानावर आहे. परीक्षा, मुलाखत किंवा अर्जाची शेवटची तारीख जवळ असेल, तर अपडेट एक ते पाच आठवडे थांबवता येतात. मुदत संपली की आलेली अपडेट बसवूनच पुन्हा थांबवता येते. काम झाले, की मुदतीची वाट न पाहता ती सुरू करून द्यावीत.

विंडोज १० वापरणाऱ्यांना मात्र वेगळी गोष्ट सांगायला हवी. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जादा मुदतीच्या योजनेत नाव नोंदवले नसेल, तर त्या संगणकाला सुरक्षेची नवी अपडेट मिळत नाहीत. 'हल्ली आमचा संगणक मध्येच बंद होत नाही' म्हणून अशा घरांनी निश्चिंत राहू नये.

संगणक सामायिक असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. तो पुन्हा सुरू झाला की सगळ्यांचेच उघडे काम बंद होते. मुलीने आपले खाते उघडे ठेवून भावाला जागा दिली आणि भावाने 'रिस्टार्ट' केले, तर तिचा न साठवलेला निबंध जातो. म्हणून उठण्यापूर्वी काम साठवावे आणि बंद करणाऱ्याने आधी घरात विचारावे. 'वर्ड'मध्ये तात्पुरती नोंद साधारणपणे दर दहा मिनिटांनी होते. 'ऑप्शन्स'मधील 'सेव्ह'मध्ये जाऊन ती दोन-तीन मिनिटांवर आणता येते. वेबसाईटवरच्या अर्जाला मात्र अशी हमी नसते. त्यातील लांब उत्तरे आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहून मग तिथे चिकटवावीत.

शेवटी एक सवय सुचवतो. विंडोजची मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. त्यानंतरच्या रविवारी, कुणाचे काम नसताना, सगळे साठवून आपणच 'अपडेट अँड रिस्टार्ट' करावे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावावा. वीज जाण्याची वेळ टाळावी आणि पडद्यावर टक्केवारी दिसत असताना बटण दाबून तो बंद करू नये. महिन्यातून एकदा एवढे केले, तर अर्ज भरणाऱ्या मुलीला मध्येच घाबरून उठावे लागण्याची वेळ सहसा येणार नाही.