पावसाळ्यात एकाएकी पकडणारे ब्रेक

आषाढी चौदसेला चातुर्मास सुरू झाला की साधु-साध्वींचा विहार थांबतो. श्रावकांची वाहने मात्र याच काळात अधिक धावतात. कोणी गुरुदर्शनासाठी निघतो, कोणी भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाकडे. व्यापाराला तर पाऊस म्हणून सुटी नसते. मूल, सावली, सिंदेवाही या धानपट्ट्यातील राइस मिल असोत वा गडचिरोली, अहेरी, आलापल्लीच्या बाजारपेठा असोत, चंद्रपूरच्या व्यापाऱ्याला सकाळी गाडी काढावीच लागते. या दिवसांत एक तक्रार घरोघरी ऐकू येते. सकाळी ब्रेकवर पाय नुसता टेकवला तरी गाडी झटका देऊन थांबते, दुपारी सारे सुरळीत असते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. काही जण याकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण घाबरून निष्कारण सुटे भाग बदलून घेतात. झटका केव्हा बसतो आणि केव्हा थांबतो, एवढे नीट पाहिले तर या दोन्ही चुका टळतात.

पुढच्या चाकांतील ब्रेकची डिस्क बिडाची असते. पावसात भिजलेली गाडी रात्रभर उभी राहिली की डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. हा थर खरखरीत असल्याने सकाळी पॅड त्यावर घासताच आवाज होतो आणि पकड नेहमीपेक्षा अधिक बसते. तीन-चार वेळा ब्रेक लागला की थर निघून जातो. हा दोष नव्हे, लोखंडाचा स्वभाव आहे.

अनेक लहान मोटारींच्या आणि मालवाहू टेम्पोंच्या मागच्या चाकांत ड्रम असतो. ड्रमची रचना अशी की चाक फिरताना आतील एक शू आपोआप ड्रमकडे ओढला जातो आणि पायाच्या दाबात स्वतःची भर घालतो. त्यामुळे ओलाव्याने किंवा गंजाने घर्षण थोडे वाढले, तरी पकड त्याहून बरीच अधिक वाढते. ड्रममध्ये साचलेली लायनरची भुकटी आणि रस्त्याची धूळ दमट हवेत चिकट होते व झटक्यात भर घालते. हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर ठेवली असेल, तर शू ड्रमला चिकटून बसतात आणि सकाळी गाडी हलताना मागून खट्कन आवाज येतो.

पाण्यातून गाडी गेल्यावर आधी उलटा अनुभव येतो. डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये पाणी राहिल्याने ब्रेक क्षणभर लागतच नाही. चालक घाबरून पाय जोरात दाबतो, तेवढ्यात पाणी पुसले जाते आणि पूर्ण जोराची पकड एकदम बसते. नाल्यावरील पाण्यातून बाहेर पडल्यावर बसणाऱ्या धक्क्याचे कारण बहुधा हेच असते.

हा झटका निरुपद्रवी की धोक्याचा, हे चार प्रश्नांनी ठरवता येते. पहिल्या तीन-चार दाबांनंतर तो जातो का? जात असेल तर काळजी नको. गाडी एका बाजूला ओढते का? तसे असेल तर एका चाकाचा कॅलिपर चिखलाने अडकला असेल किंवा व्हील सिलिंडर गळून लायनर ओला झाला असेल. दिवसभर, कोरड्या रस्त्यावरही ब्रेक तसाच पकडतो का? मग कारण पावसात नसून शूच्या जुळणीत, ड्रमच्या झिजेत किंवा ब्रेकच्या बूस्टरमध्ये शोधावे. थोडे अंतर गेल्यावर एखादे चाक हाताला चटका बसेल इतके तापते का? तर तो ब्रेक सुटतच नाही. शेवटच्या तीनही स्थितींत चाक उघडून पाहिल्यावाचून लांबचा प्रवास करू नये.

रोजचे उपाय सोपे आहेत. सकाळी मागे वाहन नाही हे पाहून, वीस-तीसच्या वेगात ब्रेक तीन-चार वेळा हलकेच दाबावा. पाण्यातून बाहेर आल्यावरही तेच करावे. गाडी धुऊन लगेच उभी करू नये. थोडी चालवून ब्रेक कोरडे करावेत. सपाट जागी रात्री हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. पावसाळ्याच्या तोंडावर ड्रम उघडून स्वच्छ करून घ्यावेत, मात्र आतील भुकटी फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू देऊ नये. ती ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती श्वासावाटे शरीरात जाते. आवाज बंद व्हावा म्हणून लायनरवर तेल किंवा ग्रीस लावणे हा तर अपघाताला दिलेला निरोप होय.

पुष्कळदा ब्रेक निर्दोष असतो आणि दोष टायरचा असतो. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो. कोळशाच्या वाहतुकीच्या मार्गांवर काळी भुकटी पावसात भिजून निसरडी होते. एक साधा हिशेब पाहावा. साठच्या वेगातील मोटार चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर पकड बरीच घटली तर तिला सुमारे ३५ मीटर लागतात. पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागला, तर त्यात आणखी १७ मीटरची भर पडते. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरहून कमी उरल्या असतील तर टायर नियमाप्रमाणे बाद ठरतो. पावसाळ्यात मात्र त्या मर्यादेची वाट पाहू नये.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. निसरड्यावर जोराने ब्रेक दाबल्यास पायाखाली थरथर जाणवते, ती या यंत्रणेची खूण होय. तेव्हा पाय उचलू नये; दाब कायम ठेवून स्टिअरिंग सांभाळावे.

मालवाहू गाडीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. धान्याची पोती उतरवून रिकामी परतणारी गाडी मागून हलकी असते. अशा वेळी ड्रम एकदम पकडला की मागची चाके जागीच थांबतात आणि गाडीचा मागचा भाग आडवा फिरतो. भरलेल्या गाडीत न जाणवणारा दोष रिकाम्या गाडीत उलगडतो. म्हणून चालक सकाळी ‘शेठजी, ब्रेक झटका देतोय’ असे सांगतो, तेव्हा ‘आजचा दिवस चालवून घे’ हे उत्तर देऊ नये. त्या गाडीत दुसऱ्याच्या घरचा कर्ता पुरुष बसलेला असतो. ड्रम उघडून पाहण्यास जो अर्धा दिवस जाईल, तो नफ्या-तोट्याच्या वहीत तोटा म्हणून लिहिण्याजोगा नाही.

चंद्रपूरहून मूलकडे किंवा आलापल्लीहून भामरागडकडे जाणारे रस्ते जंगलातून जातात. पावसाळ्यात वळणावर चितळ, रानडुक्कर किंवा घरी परतणारी गुरे अकस्मात समोर येतात. ब्रेक झटक्याने पकडत असेल तर चालक दाबायला कचरतो, किंवा दाबतो आणि गाडी आडवी जाते. दोन्ही प्रकारांत समोरचा जीव आणि गाडीतले जीव संकटात येतात. साधु-साध्वी ईर्यासमिती पाळताना समोरची भूमी निरखीत पाऊल टाकतात. गृहस्थाला तेवढे सूक्ष्म पालन शक्य नसले, तरी हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो हे तो जाणतो. कमी वेग, पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर आणि निघण्यापूर्वी तपासलेला ब्रेक, ही पावसाळी रस्त्यावरची जयणाच होय.